जवाईचा मान

पंपावर बस थांबली तसे सगळे गडी उतरले अन् भिंतीकडे तोंड करून लायनीनं उभे राहिले. बाया बसून राहिल्या.

एकटी यमुना उतरली, लेकीचा हात धरून. प्रियंकाले सातवा सरत आला होता. सौसरहून तिले माहेरी, पांढुर्ण्याले, नेऊन राहिली होती. मोहगावपासून पोरगी ओठ चावून बसली होती. आता तिच्यानं सरळ उभंबी राहवत नव्हतं.

पंपाच्या मांगं एक दरवाजा होता. त्याच्यावर वेणीवाल्या बाईचं रंगीत चित्र, अन् चित्राच्या खाली कुलूप.

चाबी मॅनेजरजवळ. तो सावलीत खुर्ची टाकून बसला होता. जोडे चकचकीत, चाबी बोटावर गरगर.

"इस्टाफसाठी हाये," तो म्हणाला. मान वर केली नाही.

यमुना अनोळखी माणसाशी नातं जोडूनच बोलत असे. नातं जोडलं का माणूस हासते, अन् हासला का अर्धं काम झालं.

"अवो जवाईबापू," ती म्हणाली, "लेकीबाळीले असं अडवतेत काय? माह्या सासूची गोष्ट नाही ऐकली वाटते तुमी. तिलेबी असंच एकानं अडवलं होतं. बुढी जिद्दीची. थेट पांढुर्ण्यापर्यंत दाबून धरलं अन् गावात उतरल्यावर सोडलं. भर उन्हाळ्यात जाम नदीले पूर आला! दोन म्हशी अन् एक पटवारी वाहून गेला. त्याची सायकल रामाकोन्यात सापडली."

डिझल भरणारा पोट्टा खदखदला. भिंतीकडचे गडी चेन लावत लावत जवळ आले. एकानं मोबाइल वर केला.

"मंग पटवाऱ्याचं काय झालं?" मॅनेजरनं इचारलं. चाबी फिरूनच राहिली होती.

"काय होते त्याले? लोधीखेड्याले निंगाला, ओल्या धोतरानं. बाहेर आल्या आल्या अख्खी नदी आपल्या नावावर चढवून घेतली."

सगळे हासले. मॅनेजर तं पोट धरून हासला.

मांगं प्रियंकानं खांबाले हात लावला होता. "आई," ती हळूच म्हणाली.

"द्या आता चाबी, जवाईबापू. पोरीले धीर नाही निंगत."

मॅनेजरनं पहिल्यांदा प्रियंकाकडं पाह्यलं. वरून खाली, खालून वर.

"जवाई म्हणता न सासूबाई? मंग पोरगी तं माहीच झाली. तिलेच येऊ द्या न चाबी मांगाले. जरा लाडात."

गडी परत हासले. तेच गडी, तसंच हासू.

यमुनेचं हासू घडीभर इझलं. मंग तिनं ते परत तोंडावर आणून ठेवलं.

"चुकलंच माह्यं," ती म्हणाली. "जवाई समोर बसला अन् म्या पायबी नाही धुतले. काढा जोडे."

मॅनेजरनं इकडंतिकडं पाह्यलं. मोबाइल चालूच होता. त्यानं जोडे काढले, मोजे काढले अन् पाय लांब केले. यमुना वाकली. पिशवीतली पाण्याची बाटली तिनं त्याच्या पायावर रिकामी केली. त्यानं देवासारखा हात वर धरला. लोकायनं टाळ्या वाजवल्या.

टाळ्या चालू असतानाच यमुनेनं जोडे उचलले, बसजवळ गेली अन् एका खिडकीतून आत दिले. खिडकीतली बाई तिच्या वळखीची ना पाळखीची. त्या बाईनं काहीच इचारलं नाही. जोडे घेतले अन् बुडाखाली दाबले.

"ए बुढे! जोडे कुठं नेऊन राहिली?"

"लग्नात जोडे लपवतेतच, बापू. चाबी द्या, जोडे घ्या."

तो उठला अन् तसाच धावला. सावली सरली, तसं मे महिन्याचं ऊन खालून लागलं. पंपाचं सिमेट तव्यावानी तापलं होतं. ओले पाय घडीत सुकले. तो एक पाय टेकवे, दुसरा उचले. आता गडी त्याच्यावर हासाले लागले. मोबाइल त्याच्याकडं वळला.

"मजाकलेबी लिमिट असते, बुढे!"

"मजाक तं केव्हाच सरली," यमुना म्हणाली. तोंडावर हासू नव्हतं. "चाबी दे."

'द्या' नाही. 'दे'.

आता कोणीच हासलं नाही. त्यानं चाबी तिच्या पायाजवळ फेकली. यमुनेनं उचलली, कुलूप काढलं, लेकीले आत केलं अन् दरवाज्याले पाठ लावून उभी राहिली.

"मावशे, चाल!" कंडक्टर कवडू ओरडला. "डिझल झालं! गाडी लेट होऊन राहिली!"

यमुना हालली नाही.

बसच्या दारातून मॅनेजरचे जोडे उन्हात येऊन पडले. त्यायच्या मांगून ती खिडकीतली बाई उतरली. मॅनेजरकडं न पाहता सरळ आली अन् यमुनेसमोर उभी राहिली. मंग पर्सवाली मास्तरीण उतरली, जी सौसरपासून खिडकीबाहेरच पाहून राहिली होती. मंग कडेवर लेकरू घेतलेली एक. कॉलेजची पोट्टी. एका बुढीले दोघीजणी धरून आणून राहिल्या होत्या.

कवडू पायरीवरून पाहत राहिला. "अवो, तुमाले सगळ्यायलेच लागली होती काय?" तो म्हणाला. "मंग बोलल्या काहून नाही?"

प्रियंका बाहेर आली, दुसरी आत गेली. ड्रायव्हरनं हारन वाजवला. परत वाजवला. मंग हातच ठेवला हारनवर.

उन्हातल्या लायनीतून एकीनंबी मान वळवली नाही.