भिंतीवरची सन्मानपत्रं

पहिल्या साथीत डॉक्टरांनी फेस शिल्डसाठी वरच्या ऑफिसला चार पत्रं लिहिली. शिल्ड काही आली नाहीत. साथ ओसरल्यावर सन्मानपत्रं मात्र आली, प्रत्येकाच्या नावाची, छान फ्रेम करून.

दुसऱ्या साथीत वॉर्ड भरला, तेव्हा मोठ्या सिस्टरनी ती भिंतीवरून उतरवली. फ्रेममधलं पारदर्शक प्लास्टिक काढून त्याला इलॅस्टिक शिवलं आणि एकेकाच्या तोंडावर चढवलं. तरी दोघी नर्स आजारी पडल्याच.

तीही साथ सरली. वरच्या साहेबांचा फोन आला, "पुन्हा सत्कार ठरलाय, डॉक्टर. तुमची काही मागणी असेल तर अगदी मोकळेपणानं सांगा."



"या वेळी फ्रेम चार बोटं मोठी करा, साहेब. हनुवटी उघडी राहते."