पिसं बदलली की कळेल

आमच्या पक्षीनिरीक्षण गटाच्या सरांना ओळखता येणार नाही असा पक्षीच नाही. एखादा अगदीच मातकट, बिनखुणेचा पक्षी समोर आला, की सर दुर्बीण लावतात आणि ठामपणे सांगतात, "हे पिल्लू आहे. पिसं बदलली की कळेल कोण ते." आम्ही मुकाट्याने वहीत 'पिल्लू' लिहितो. सात वर्षांत माझ्या वहीत एकशे बारा पिल्लं झाली.

काल काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पहिल्यांदाच आल्या. सरांनी कुंपणावरचं पिल्लू दाखवलं.

"अहो," काकू म्हणाल्या, "तुमचं पिल्लू चोचीत अळी घेऊन घरट्याकडे गेलं. तिथे तिघं आ वासून बसलीत."

आमची पेनं थांबली. सरांनी डोळ्यांवरची दुर्बीण काही काढली नाही.

"हल्लीची पिल्लं," ते म्हणाले, "फार लवकर संसाराला लागतात."