सातवं पत्र

"केस कापायचे नाहीत, काका," म्हणत कॅप्टन खुर्चीत बसला आणि मांडीवर सात कोरे कागद ठेवले.

पुलावरच्या लढाईत गेलेल्या सात जवानांच्या घरी धाडायला कारकुनाने आणून दिलेली छापील पत्रं त्याने सकाळीच टराटरा फाडली होती. सातही पत्रांत एकच वाक्य. आपला मुलगा देशासाठी सैन्यात आला आणि देशासाठी गेला. नाव तेवढं बदललेलं.

"घरच्यांना आपलं माणूस माहीत असतं हो. वाचून म्हणतील, कुणा भलत्याचंच पत्र आलं."

कॅप्टन तसाच होता. जवान जेवल्याशिवाय ताटाला हात न लावणारा. पत्रातही त्याला खरंच लिहायचं होतं, आणि ते छावणीच्या न्हाव्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? भरती झालेल्या प्रत्येकाचं डोकं पहिल्या दिवशी तोच भादरायचा. भादरताना विचारायचा, "काय रे, कशाला आलास?" मानेवर वस्तरा असताना फुशारकी कुणाला सुचते!

"लंबू?" कॅप्टनने विचारलं.

"सावत्र आईशी पटत नव्हतं."

कॅप्टनने क्षणभर विचार केला. लिहिलं, घरात शांतता नांदावी म्हणून तो आला.

"आणि तो, बोलताना अडखळायचा तो?"

"वर्दीतल्या माणसाला कुणी हसत नाही, म्हणाला."

"पैलवान?"

"पोटभर जेवण. दोन वेळा मागितलं तरी कुणी डोळे वटारत नाही, एवढंच." न्हावी हसायला गेला आणि त्याचं तोंड वाकडंच झालं.

असं करत सहा पत्रं झाली. सहाही खरी. कॅप्टनने सातवा कागद वर घेतला.

"धाकल्या?"

न्हाव्याने आधीच लखलखीत असलेला आरसा पुन्हा पुसायला घेतला.

"काका?"

"राहू द्या ना, साहेब."

"सांगा."

"त्याचा थोरला भाऊ तुमच्याच तुकडीत होता. गेल्या वर्षी निवृत्त होऊन घरी गेला, हातीपायी धड. त्यानेच पाठवलं याला. म्हणाला, बिनघोर जा. आपला कॅप्टन माणसं परत आणतो."

पुलावर जायचा हुकूम वरून आला होता. 'चला पुढे' म्हणणारा आवाज मात्र कॅप्टनचा होता.

"घरी कोण कोण आहे त्याच्या?"

"थोरलाच. आईबाप केव्हाच गेले. पत्र त्याच्याच हातात पडेल."

आरशात कॅप्टनचा चेहरा दिसत होता. त्याने खुर्ची थोडी वळवून घेतली. पेन कागदावर टेकलं ते टेकलंच, शाईचा ठिपका वाटाण्याएवढा झाला.

मग त्या ठिपक्याशेजारी त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं, आपला भाऊ देशासाठी सैन्यात आला.