सतरावा दिवस

पहिली बायको वारल्यावर त्याने हिच्याशी लग्न केलं, त्याला वर्ष झालं. पण हिने लावलेलं अत्तर त्याला एकदाही कळलं नव्हतं. ॲलर्जीने नाक बारमाही चोंदलेलं! शेवटी तिनेच त्याला ओढत दवाखान्यात नेलं.

"हा स्टेरॉइडचा स्प्रे रोज नाकात मारा," डॉक्टर म्हणाले. "दोन दिवसांत गुण नाही आला म्हणून सोडू नका. आणि घरात धूळ झटकू नका."

तिने डोळ्यांत तेल घालून सगळं पाळलं. उशासुद्धा अंगणात नेऊन झटकल्या.

सतराव्या दिवशी तो कामावरून आला आणि दारातच थबकला. "अगं, मला वास येतोय!"

तिने लाजत अत्तराचं मनगट पुढे केलं. पण तो तिला ओलांडून तरातरा आत गेला, कपाटातून पहिलीचा स्वेटर काढला आणि त्यात तोंड खुपसून बसला.

"तिचाच गं," तो म्हणाला. "अजून आहे."

"बरं झालं बाई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो आंघोळीला गेल्यावर तिने खोलीच्या सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या आणि त्याची उशी धपाधप झटकायला घेतली.