बस्ता

लग्नाच्या बस्त्यासाठी दोन्ही घरं दुकानात गादीवर बसली होती. निरंजनने होणाऱ्या सासूच्या खांद्यावर साडी टाकली. "आई, तुम्ही तर हिची मोठी बहीण शोभता!" सगळे हसले. त्याची आई, प्रमिलाबाई, तेवढ्या हसल्या नाहीत.

लहानपणी ह्याच मुलाने शेजारच्या मुलीचं मांजराचं पिल्लू टाकीत बुडवलं होतं आणि मग तिच्याच गळ्यात पडून तो रडला होता. प्रमिलाबाईंनी तेव्हा त्याच्या हळवेपणाचं कौतुक केलं. पुढे डॉक्टरांनी समाजविघातक व्यक्तिमत्त्वाचा विकार असं भारदस्त नाव सांगितलं. दुसऱ्याला दुखतंय हे त्याला कळतं, पण त्याचं काही वाटत नाही. प्रमिलाबाईंनी डॉक्टर बदलले.

आज मात्र होणारी सून लग्नाचा शालू अंगावर लावून आरशात हसली आणि त्यांना राहवेना. विहीणबाईंना कोपऱ्यात नेऊन त्यांनी सगळं भडाभडा सांगून टाकलं. "मोडा हे लग्न. पोरीला वाचवा."

विहीणबाईंनी त्यांना पाण्याचा पेला दिला, पाठीवरून हात फिरवला. "जावईबापू म्हणालेच होते, आईची तब्येत अशीच आहे, माझ्याबद्दल काहीबाही बोलेल, पण तिला दुखवू नका. सांगताना डोळे भरून आले हो त्यांचे!"

पलीकडून निरंजनने आईकडे पाहून प्रेमाने मान हलवली. प्रमिलाबाईंच्या मनात सवयीने पहिला विचार आला तो हाच, की पोरगा किती पुढचं बघतो. मग त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की पाणी संपलं तरी त्यांनी तोंडासमोरचा पेला खाली घेतला नाही.