आपल्या शाळेत असलं काही नाही

“ताई, ओवीच्या दप्तराला गांजाचा वास येतोय. ओळखते मी, नवऱ्यानं जन्म घालवलाय त्यात,” धुणंभांडी करणाऱ्या फुलाबाई म्हणाल्या, तेव्हा मृणाल हसली होती. “चौदा वर्षांची पोर आहे हो ती! कुठला तरी धूप असेल.” लेकीचे डोळे लाल दिसले, तेव्हा जागून अभ्यास करते म्हणून तिनंच डोळ्यांत घालायचे थेंब आणून दिले.

मग एक दिवस ओवी क्लासच्या गच्चीवर चक्कर येऊन पडली आणि डॉक्टरांनी कारण स्पष्टच सांगितलं.

उपचार सुरू झाले. सासूबाईंनी बजावलं, “बाहेर कावीळ झालीय म्हणून सांगा.” नवऱ्यानंही मान डोलावली. पण गोळी घेता घेता ओवी पुटपुटली, “आई, त्या गच्चीवर आमच्या शाळेतल्या अजून चौघी जातात गं. नावं नाही सांगणार मी.”

पालकसभेत मुलांच्या व्यसनांचा विषय निघाला, तेव्हा मुख्याध्यापिका ठासून म्हणाल्या, “आपल्या शाळेत असलं काही नाही.” मृणाल उठली. नवऱ्यानं मनगट धरलं, ते तिनं सोडवून घेतलं.

“आहे, मॅडम. माझ्या घरात आहे. माझ्या मुलीला कावीळ नाही झालेली, ती गांजा ओढत होती. तिला विचारूनच सांगतेय. हसायचं त्यांनी खुशाल हसा, पण घरी गेल्यावर आज मार्क विचारू नका. लेकरापाशी बसा, डोळ्यांत बघा त्याच्या. तुमचं सुखरूप असेल, तर शेजारच्या पोरीची चौकशी करा. कराल ना?”