कपडे ठेवायचा फ्रिज

"माझे मोजे अंड्यांच्या कप्प्यात कोणी कोंबले?" सासूबाई कपाटापुढे करवादल्या. कपाट म्हणजे आमचा फ्रिज. नवऱ्याचं दुकान कर्जात बुडालं, तेव्हा वीज वाचवायला मीच तो बंद करून त्यात कपडे लावले. गेल्या महिन्यात शेवटचा हप्ता भरला. पण नजर लागेल म्हणून त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. या महिन्याच्या खर्चात मी फ्रिजच्या विजेचे पैसे गुपचूप बसवले. "आई, फ्रिज रिकामा करूया," मी म्हटलं. नवऱ्यानं कपडे बाहेर काढले, लेकीनं दार लावून प्लग खोचला. आधी काहीच नाही. मग फ्रिज खोकला, थरथरला, गुणगुणू लागला. दार उघडलं, तर आत दिवा! पाळण्यात डोकावावं तसे आम्ही चौघं बघतच राहिलो. "दार लावा, वीज वाया जातेय," सासूबाई कुजबुजल्या. पण लावलं कोणीच नाही. नवऱ्यानं फ्रिजवर तळहात टेकला. "आई, फिटलं गं कर्ज."